नाक्यावर गर्दी फार आहे

चिकोंदे, १६ जून

प्रिय तिमोतेओ,

हे पत्र एस्नातीवहिनींच्या हाती देतो आहे. त्या दर गुरुवारी सुकी मासळी घेऊन तुमच्या मलावीतून इकडे झांबियात आमच्या बाजाराला येतात, तेव्हा पुढेही त्यांनाच त्रास देईन. फोन माझ्याकडे आहे, पण फोनवर मला बोलता येत नाही. आजवर एनेलेसी बोलायची आणि मी शेजारी उभा राहून मान हलवायचो. हलवलेली मान फोनवर दिसत नाही.

तिला जाऊन आज चार आठवडे झाले. घरी सगळं ठीक आहे. तिने पेरलेला भुईमूग काढून झाला, शेंगा वाळत घातल्या आहेत. कोंबड्यांना मी दाणे टाकतो, पण त्या माझ्या मागे ती येते आहे का ते बघतात.

तुमच्या नाफिरी मावशी रोज विचारतात, तुम्ही कधी येणार. लग्नात तुम्ही बहिणीच्या बाजूचे पालक होता, तेव्हा माझा दुखवटा सोडायलाही तुम्हीच हवे. तुम्ही येण्याच्या सात दिवस आधी मावशी मक्याची बिअर लावतील. त्या दिवशी माझे केस उतरवतील, आणि मग तिकडे मलावीतल्या डोवाहून माझी माणसं येऊन मला घेऊन जातील. एकतीस वर्षं मी बायकोच्या गावी राहिलो. बायको गेली की जावयाने आपल्या गावी परतायचं, ही रीत मला माहीत आहे. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

फक्त सध्या येऊ नका. नाका सगळा खणून ठेवला आहे. दोन्ही देश आपापल्या बाजूला नवी इमारत बांधताहेत. ट्रकची रांग कापसाच्या गोदामापर्यंत जाते आणि पायी येणारा माणूस सकाळी उभा राहिला तर तीन वाजता सुटतो. बकरा घेऊन तर येऊच नका. नाक्यावर गर्दी फार आहे.

आपला,
लुफेयो म्बेवे


कालुलू, २१ जून

प्रिय दाजी,

पत्र पोचलं. वाचून झाल्यावर मी स्वतःला नीट तपासून घेतलं, की मी माणूस आहे की ट्रक. सव्वीस वर्षं एजंटच्या कचेरीत ट्रकचे कागद भरलेत म्हणून मेव्हण्यालाही तसंच लिहायचं का? ‘घरी सगळं ठीक आहे.’ खाली शिक्का मारायचा तेवढा राहिला.

एनेलेसी असती तर म्हणाली असती, ‘अरे, त्याने चार ओळी लिहिल्या, त्याच्या मानाने ते भाषण झालं.’ तिचा आवाज अजून कानात आहे. लहानपणी ती मला हाक मारायची तेव्हा शेजारच्या गावातली पोरंही ‘आलो’ म्हणायची.

रांगेचं खरं आहे. एस्नाती गुरुवारी घरी आली ती दिवेलागणीला, आणि पाय सुजलेले. तेव्हा थोडं थांबू या. तुम्हाला मात्र घाई झाली असेल, मला कळतं. मीसुद्धा बायकोच्याच गावात राहतो. बावीस वर्षं झाली, अजून कोंबडीचं खुराडं कुठे ठेवायचं ते सासूला विचारून ठरवतो. स्वतःच्या गावी जाऊन, स्वतःच्या मामाच्या ओसरीवर पाय पसरून बसायचं, ह्यासारखं सुख नाही. ते सुख तुम्हाला लवकर मिळेल असं करतो.

केस कापू नका बरं. दुखवट्यात ते वाढू द्यायचे असतात. एस्नाती म्हणते, करकोच्याने घरटं केल्यासारखे दिसताहेत.

तुमचा मेव्हणा,
तिमोतेओ


चिकोंदे, ११ ऑगस्ट

प्रिय तिमोतेओ,

मला पुन्हा काम लागलं आहे. छोट्या व्यापाऱ्यांच्या संघाने नाक्यावर मदतीचं टेबल टाकलं आहे. टोपलीभर माल घेऊन येणाऱ्या बायकांसाठी आता एकच साधा फॉर्म आहे, एका पानाचा. त्यांना तो भरून द्यायचा, कोणत्या मालाला जकात नाही ते सांगायचं, आणि दलालांपासून लांब ठेवायचं. माझं अक्षर बरं आहे म्हणून मला ठेवलं.

पहिल्या दिवशी पहिल्या गिऱ्हाईक नाफिरी मावशी. मलावीतून तांदूळ घेऊन परत येत होत्या.

मी विचारलं, “नाव?”

“तुला माझं नाव माहीत नाही? एकतीस वर्षं माझ्या हातचं खातोस!”

“मावशी, फॉर्ममध्ये लिहावं लागतं.”

“मग लिही की. विचारतोस कशाला?”

“वय?”

“ते त्या साहेबाला काय करायचंय? लग्न करणारे का माझ्याशी?”

मी वयाचा रकाना अंदाजाने भरला. मागे उभ्या असलेल्या बायका हसत होत्या. मावशींचा तांदूळ पंधरा मिनिटांत सुटला. संध्याकाळी त्यांच्याकडून झाकलेली थाळी आली, मक्याच्या पिठाचा न्सीमा आणि भोपळ्याच्या पाल्याची भाजी, वर दाण्याचं कूट.

नवी इमारत सप्टेंबरअखेर उघडेल. आता दोन ठिकाणी थांबायला नको. पूर्वी आपल्या देशातून बाहेर पडायचा शिक्का एकीकडे, मग पुलापलीकडे दुसऱ्या देशात शिरायचा शिक्का, दोन रांगा, दोन तपासण्या. आता ज्या देशात शिरायचं त्याच्याच इमारतीत एकदा थांबायचं. दोन्ही देशांचे अधिकारी तिथे शेजारी शेजारी बसणार. म्हणजे मलावीचा अधिकारी झांबियाच्या जमिनीवर टेबल टाकून बसेल, आणि झांबियाचा मलावीच्या. साहेब म्हणतात, सगळं वीस मिनिटांत होईल.

सध्या मात्र फरशा बसवताहेत, गर्दी आहे. येऊ नका.

आपला,
लुफेयो


कालुलू, १६ ऑगस्ट

प्रिय दाजी,

काम लागलं हे फार चांगलं झालं. मावशींना वय विचारणारा जगात पहिला माणूस तुम्ही, आणि अजून जिवंत आहात.

तर मग ठरलं. सप्टेंबरअखेर इमारत उघडली की ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी मी आलोच. वीस मिनिटांत सरहद्द! माझ्या आजीला भावाच्या मयताला जायला दोन दिवस लागले होते, आणि पोचली तेव्हा माती देऊन माणसं घरी गेली होती. तुमच्या त्या टेबलाने आपल्यासारख्यांचं किती भलं होईल, ते तुम्हाला कागद भरताना कळत नसेल.

डोवाला तुमच्या भाच्याला, फेस्टनला, फोन केला. तो पिकअप घेऊन येईल. म्हणाला, मामाची खोली रंगवून ठेवतो. रंग कोणता हवा?

तुमचा,
तिमोतेओ


चिकोंदे, २९ सप्टेंबर

प्रिय तिमोतेओ,

इमारत सोमवारी उघडली. मंत्री आले, बँड वाजला, फीत कापायची कात्री सापडेना म्हणून माझ्या टेबलावरची नेली. ती परत मिळाली.

पण काम काही सुरळीत नाही. ट्रक तपासायचं नवं यंत्र बंद पडतं. अधिकारी नवे आहेत. मलावीचे आणि झांबियाचे एकाच काउंटरवर बसतात, दोघांत एकच स्टेपलर आहे, आणि तो कोणाच्या देशाचा यावरून दोन दिवस बोलणं बंद होतं. रांग पूर्वीपेक्षा लांब आहे. बिअर लावून ठेवली आणि तुम्ही रांगेत अडकलात तर ती आंबून फुकट जाईल, म्हणून मावशींनाही मी तसंच सांगितलं. पहिला शनिवार नको. पुढच्या महिन्यात बघू.

आंब्याला कैऱ्या लागल्या आहेत. एनेलेसीने लावलेला, अंगणातला. यंदा फांद्या टेकतील असं दिसतं.

एस्नातीवहिनी आल्या तेव्हा मी सकाळचा चहा घेत होतो. त्यांनाही एक कप दिला.

फेस्टनला म्हणावं, रंग कोणताही चालेल.

आपला,
लुफेयो


कालुलू, ४ ऑक्टोबर

प्रिय दाजी,

अरेरे, एवढी रांग! वाचून वाईट वाटलं. बँड वाजवला, मंत्री आणला, आणि पूर्वीपेक्षा लांब रांग. एस्नाती बिचारी त्याच दिवशी तुमचं पत्र घेऊन निघाली आणि दुपारच्या न्सीमाला माझ्या आधी चटईवर हजर होती. बाई चिवट आहे, कुठूनही वाट काढते.

तुम्ही नाक्यावर रोज बसता, तेव्हा तुम्ही म्हणाल ते खरं. पण तारीख एक ठरवूनच टाकू. शनिवार, २६ नोव्हेंबर. तोवर यंत्रही दुरुस्त होईल आणि स्टेपलरही दुसरा येईल.

एक काम करा. फेस्टनची पिकअप तुमचं सामान घेऊन सरहद्द ओलांडणार, तर त्याची यादी लागेल. घर बदलणाऱ्या माणसासाठीही फॉर्म असतोच ना? तो तुमच्याइतका चांगला कोण भरणार! भरून माझ्याकडे पाठवा, म्हणजे मी फेस्टनला कळवतो, किती दोऱ्या आणायच्या ते.

तुमचा,
तिमोतेओ


चिकोंदे, १० नोव्हेंबर

प्रिय तिमोतेओ,

पाच गुरुवार एस्नातीवहिनी रिकाम्या हाताने परत गेल्या, त्याबद्दल माफ करा. फॉर्म भरत होतो.

सोबत जोडला आहे. नाव, गाव, कुठून, कुठे, हे सगळं भरलं आहे. सामानाच्या रकान्यात पहिल्यांदा मी ‘खुर्ची, एक’ असं लिहिलं. ती खुर्ची मी केली, पण बसायची एनेलेसी, शेंगा फोडायला. मग ती खोडली. ‘रेडिओ, एक’ लिहिलं. त्याची बटणं मला लावता येत नाहीत, ती लावायची. तोही खोडला. मग नवा फॉर्म घेतला. असे चार फॉर्म वाया गेले. सरकारी कागद आहे, मी असा वाया घालवत नाही.

सव्वीस वर्षं मी लोकांना एकच सांगत आलो, की कागदावर जे आहे तेच गाडीत असलं पाहिजे आणि गाडीत जे आहे तेच कागदावर. ह्या टेबलावरही रोज तेच सांगतो. तेव्हा मी खरं तेच लिहिलं आहे. सामान: काही नाही. नग: शून्य. कारणाच्या रकान्यात जागा पुरली नाही, म्हणून इथे लिहितो.

मला जायचं नाही.

डोवात मला ओळखणारी आता दोन-तीन माणसं. ती मला फेस्टनचा मामा म्हणतील. इथे मला सगळे एनेलेसीचा नवरा म्हणतात. नाक्यावरचे ट्रकवालेसुद्धा म्हणतात, ‘एनेलेसीच्या नवऱ्याला विचारा.’ तिथे गेल्यावर मला तसं कोणी म्हणणार नाही. माझे केस उतरवा, दुखवटा सोडा, ते सगळं रीतीप्रमाणे होऊ द्या. पण माझी जागा इथे आहे. रीतीविरुद्ध बोलायचा मला हक्क नाही, आणि त्या दिवशी तर मी बोलायचंच नसतं, माझ्या वतीने फेस्टनच बोलणार. म्हणून आत्ता लिहितो आहे.

आणखी एक सांगायचं राहिलं. इमारत उघडल्यापासून नाक्यावर रांग नाही. यंत्र एकदाच बंद पडलं, अर्धा तास. पायी माणूस वीस मिनिटांतही नाही, बारा मिनिटांत सुटतो. मी घड्याळ लावून मोजलं. मी तुम्हाला खोटं लिहिलं. मावशींनाही खोटं सांगितलं. सगळ्यांना लवकर सोडायचं माझं काम, आणि रोज एक जण सुटला की मला वाटायचं, आता तुम्हीही असेच याल.

रागावला असाल तर समजू शकतो.

आपला,
लुफेयो


कालुलू, १३ नोव्हेंबर

दाजी, अहो दाजी,

तुम्ही खोटं कोणाच्या हातून पाठवत होता? एस्नातीच्या! म्हणजे जी बाई बारा मिनिटांत नाका ओलांडून येते, तुमच्याकडे चहा पिते, तिच्याच पिशवीत तुम्ही ‘रांग पूर्वीपेक्षा लांब’ घालून देता! सव्वीस वर्षं कागद तपासणाऱ्या माणसाच्या हे ध्यानात येऊ नये? तुमचं सप्टेंबरचं पत्र मी तिला वाचून दाखवलं, तर हसता हसता तिच्या हातातली पळी न्सीमात पडली. म्हणाली, “खोटं बोलायलाही सराव लागतो. दाजींना एकतीस वर्षं माझ्या नणंदेने बोलूच दिलं नाही, सराव कुठून होणार!”

तेव्हा तुम्हाला जायचं नाही हे मला ऑक्टोबरपासून माहीत होतं. यादी त्याचसाठी मागितली. तोंडाने तुम्ही सांगितलं नसतं, आणि पत्रातही नसतं सांगितलं. पण फॉर्ममध्ये तुम्ही खोटं लिहिणार नाही, एवढी खात्री होती.

आता माझंही ऐका. रांग नाही हे कळल्यावर मी दुसऱ्याच दिवशी येऊ शकलो असतो. आलो नाही. दुखवटा सुटला म्हणजे एनेलेसी गेली, हे पक्कं झालं. तुम्ही ‘गर्दी आहे’ लिहीत होता, तोवर मलाही बरं होतं.

आता २६ तारखेचं. तुम्ही गप्प बसायचं, ते तुम्हाला जमेल. फेस्टनशी मी बोललो आहे. तो रीतीप्रमाणे म्हणेल, ‘आमचा माणूस घ्यायला आलोय.’ मग मी मावशींना, कुळातल्या थोरल्या म्हणून, विचारणार आहे. मलावीचा अधिकारी झांबियाच्या जमिनीवर टेबल टाकून बसतो, त्याने जमीन मलावीची झाली का? झाली नाही. तो पाहुणाही नाही आणि मालकही नाही, त्याला तिथे काम आहे म्हणून यजमानाने जागा दिली आहे. मग आपल्या कुळाच्या जमिनीवर दुसऱ्या कुळाच्या माणसाला एक टेबलभर जागा का देता येऊ नये?

मावशी काय म्हणतील ते देवाला ठाऊक. त्या मला अजून नाक पुसायला सांगतात. नाही म्हणाल्या, तर तुम्हाला जावं लागेल, दाजी. रीतीपुढे माझाही इलाज नाही. एवढं मात्र करतो, दोऱ्या आणू नकोस म्हणून फेस्टनला सांगतो.

मावशींना म्हणावं, बिअर लावा.

तिमोतेओ


चिकोंदे, १ डिसेंबर

प्रिय तिमोतेओ,

तुम्ही सुखरूप पोचलात हे वहिनींकडून कळलं. डोकं हलकं वाटतं आहे. टोपी घातली तर खाली घसरते.

शनिवारी एक गोष्ट तुम्ही ऐकली नाहीत, ती सांगतो. तुम्ही टेबलाचं विचारलंत, मावशी उठून बायकांना घेऊन स्वयंपाकाच्या झोपडीत गेल्या, आणि तुम्ही बकरा सोलायला परसात गेलात. मी झोपडीच्या कुडाला टेकून बसलो होतो, न्हावी डोक्याला पाणी लावत होता. आतलं सगळं ऐकू येत होतं.

एक बाई म्हणाली, “रीत ती रीत. बायको नाही, मग जावई कसला?”

मावशी म्हणाल्या, “रीत मला शिकवू नकोस, तुला मी शिकवली. हा गेला तर माझ्या तांदळाचा फॉर्म कोण भरणार, तू?”

“मला कुठे लिहिता येतं?”

“मग? गेल्या वर्षी त्या दलालाने तुझी साखर किती दिवस अडवली?”

“चार दिवस. मुंग्या लागल्या.”

“आणि यंदा?”

“यंदा नाही अडवली.”

“मग कोणाला पाठवतेस डोवाला?”

 मग मावशी हळू म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज हळू असू शकतो हे मला माहीत नव्हतं, “माझ्या पोरीचं नाव तो रोज घेतो. कोंबड्यांशी बोलताना घेतो. मी ऐकते पलीकडून. तो गेला तर त्या अंगणात तिचं नाव कोण घेईल?”

न्हाव्याने मला डोकं हलवू नका म्हणून सांगितलं. मी हलवत नव्हतो, पण ते हलत होतं.

मग मावशींनी बाहेर येऊन ‘राहू दे त्याला’ म्हटलं, ते तुमच्यासमोर झालं, पण त्यात रविवारी भर पडली. सकाळी मावशी आल्या, चटईवर बसल्या आणि म्हणाल्या, “घर माझ्या नातीला जाईल, ते रीतीचं आहे. तुला आंब्याखालची खोली. पण तोंडी नको. तू सगळ्यांचे कागद करतोस, तुझाही कर.”

मी फॉर्म आणला. दुसरा कागद माझ्याकडे नव्हता. नाव विचारलं नाहीच, लिहिलं. माल: जावई. नग: एक. कुठून: डोवा. कुठे: चिकोंदे. जकात: मावशी म्हणाल्या, आंब्याची पहिली टोपली दर वर्षी त्यांच्याकडे गेली पाहिजे. ते लिहिलं. शेवटी ‘परत जाण्याची तारीख’ असा रकाना आहे. तो रिकामा ठेवून मी आजवर कोणाला पुढे जाऊ दिलेलं नाही. मी पेन धरून थांबलो.

“काय झालं?” मावशी म्हणाल्या.

“तारीख लागते.”

“दाखव कुठे.”

मी बोट ठेवलं. त्यांनी शाईत अंगठा बुडवून नेमका त्या रकान्यावर दाबला, मोठा, बाहेरच्या रेघांवर आलेला. म्हणाल्या, “आता लिही बघू तिथे काही.” लिहायला जागा उरली नव्हती. कागद नियमात बसत नाही, पण मी तो मान्य केला. एनेलेसीच्या पिठाच्या डब्यात ठेवला आहे.

आंबे पिकायला लागले आहेत. पहिली टोपली मावशींकडे गेली, दुसरी वहिनींबरोबर पाठवतो आहे. फॉर्म सोबत आहे, आंब्याला जकात नाही. शनिवारी, १७ तारखेला, सगळे जेवायला या. फेस्टनही येतो आहे. त्याने रंगवलेली खोली तो आता भाड्याने देणार म्हणतो.

सावकाश निघालात तरी चालेल. नाक्यावर गर्दी अजिबात नाही. वहिनींना विचारा.

तुमचा दाजी,
लुफेयो